बिलावर 'आय-७ पीसी' नको, पार्टचा पूर्ण नंबर हवा

मा. संपादक,
स. न.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कराडात कॉम्प्युटरच्या दुकानांत आई-बाप आणि पोरं दिसायला लागतात, कसेबसे जमवलेले तीस-पस्तीस हजार घेऊन आलेले असतात आणि त्यांना ऐकायला मिळतं, "आय-७ आहे, सोळा जीबी रॅम, एसएसडी टाकून देतो, बिनधास्त न्या." मला या वाक्याबद्दलच लिहायचंय.

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी पोरासाठी असाच सेट घेतला, बावीस हजारांना. बिलावर एकच ओळ, 'आय-७ पीसी सेट, १ नग'. पुढे पोरगा विंडोज ११ टाकायला बसला तर ते होईना, मग बघितलं तर आत आय-७ २६००, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर! विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढचंच धरतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलासुद्धा. आय-७ हे नुसतं घराण्याचं नाव आहे हो, पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून, २६०० म्हणजे दुसरी आणि १२७०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीतला साधा आय-३ १२१०० घ्या, त्यालाही चारच कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि त्या २६०० लाही चारच, तरी हा आय-३ त्या आय-७ ला आरामात मागे टाकतो. पण हे भावाला कोण सांगणार, त्याने ७ मोठा की ३ मोठा एवढंच बघितलं.

त्यामुळे गेल्या जुलैत माझ्या मुलीची डिप्लोमाला अ‍ॅडमिशन झाली तेव्हा ती म्हणाली, बाबा, आपण पार्ट आणून घरीच जोडू. बजेट मॉनिटरसकट छत्तीस हजार. वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणारं नव्हतं म्हणून एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला, सहा कोर आणि ग्राफिक्स आतच. इंटेलमध्ये नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं, ते थोडं स्वस्त मिळतं म्हणून घेतलं आणि कार्ड नसेल तर स्क्रीनच येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. रॅम सोळाची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या, कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्यांनी गेममध्ये फरक चांगलाच जाणवतो.

खरी गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची आहे. दुकानात कॅबिनेटबरोबर एक फुकट मिळत होता, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. मुलीने तो हातात घेऊन उलटा केला आणि बाजूचा बारीक अक्षरातला तक्ता वाचला, १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. तिने तिथेच मोबाईलवर गुणाकार केला, १६८ वॅट. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड हे सगळं मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच चालतं, मग ४५० आणायचे कुठून? हातात धरल्यावर तो डबा हलकाही लागत होता. आम्ही ८० प्लस ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) घेतला, ३,२०० रुपये. दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्याशा पीसीला कशाला?" पण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून चार वेळा ये-जा करते आणि हलका एसएमपीएस गेला तर जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. पैसे वाचवायचेच असतील तर काचेच्या कॅबिनेटवर आणि रंगीत लायटीच्या फॅनवर वाचवा, इथे नको.

रात्री जोडून झालं, बटण दाबलं, फॅन फिरले पण डिस्प्ले नाही. पाऊण तास आम्ही दोघं रॅम काढतोय, घालतोय. शेवटी तिनेच टॉर्च मारून बघितलं तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरच्या पॉवरची वायर लावायचीच राहिली होती. ती लावली आणि स्क्रीन आली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आता रॅमचे भाव फार चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळतोय, त्यामुळे यंदा तेवढ्याच पैशात तेवढंच बसणार नाही आणि म्हणूनच फसवणूक जास्त होईल अशी भीती वाटते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. पालकांनी पैसे द्यायच्या आधी कोटेशन मागावं, त्यात प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस प्रत्येकाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्यावं आणि बिलावर सिरीयल नंबरही, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. द्यायला नकार दिला तर दुसरं दुकान बघा, घेऊन झाल्यावर फसवणूक कळली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

आपल्याला विनंती आहे की अ‍ॅडमिशनच्या काळात जी पुरवणी निघते तिच्यात बिलाचा एक नमुना छापावा, काय काय लिहिलेलं असायला हवं त्याचा. पालक तो कापून दुकानात घेऊन जातील.

आपला,
एक पालक, कराड