पूल बंद असल्याचे पुलापाशी पोचल्यावर कळते : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

नदीकाठच्या सायकलमार्गावर हंगामाआधी दिशाफलक लागतील आणि कुठला रस्ता बंद होणार असेल तर आठ दिवस आधी कळवले जाईल, असा शब्द आपण जाहीरपणे दिला होता. हंगाम सुरू झाला, फलक लागलेले नाहीत. गेल्या आठवड्यात मार्गावरचा एक पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि त्याची सूचना टांगली ती थेट पुलाच्या तोंडाशी, आडव्या लावलेल्या लोखंडी कठड्यावर. ती वाचणारा माणूस तोवर पुलापर्यंत येऊन पोचलेला असतो.

मोटारीतून फिरणाऱ्याला यात एवढे काय बिघडले ते कळणार नाही, म्हणून हिशेब मांडतो. पंधरा-वीस किलो सामान लादलेली सायकल सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 15 किलोमीटर जाते, बांधावरच्या खडीच्या वाटेने 10 ते 12. म्हणजे 60 किलोमीटरचा टप्पा हा पाच-सहा तासांचा झाला, थांबणे वेगळे. आता 45व्या किलोमीटरला पूल बंद निघाला आणि अलीकडचा पूल 18 किलोमीटर मागे आहे असे धरा. तेवढे मागे जायचे आणि पलीकडच्या काठाने तेवढेच परत यायचे. 36 किलोमीटर वाढले, म्हणजे किमान तीन तास. साठाचा दिवस शहाण्णववर गेला, मुक्कामाला पोचायच्या आत अंधार पडला. हे टाळायचे तर दुसरा रस्ता मालट्रकांच्या महामार्गाचा, कडेला पट्टा नसलेला. तुमच्या सूचनेने माणसाला त्या रस्त्यावर लोटले आहे.

त्यात वाऱ्याची भर. नदीबरोबर खाली जायचे म्हणजे उतारच उतार, असा समज आहे. किलोमीटरला एक मीटर उतार असलेल्या नदीकाठाने दिवसभरात 60 मीटर उतरणे होते, ते पायांना जाणवतही नाही. जाणवतो तो वारा. डोंगराळ खोऱ्यांत स्वच्छ ऊन पडले की उतार तापतात, हवा वर खेचली जाते आणि सकाळ सरता सरता वारा खोऱ्यातून वरच्या दिशेने वाहू लागतो. दुपारी त्याचा जोर सर्वात जास्त, सूर्यास्तानंतर तो पडतो. खाली जाणाऱ्याला तो थेट तोंडावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दुपारी तेच अंतर दुप्पट कष्टाचे होते. म्हणून जाणकार पहाटे निघून दुपारी दोनच्या आत टप्पा संपवतात. बंद पूल आडवा आला की उरलेले 50 किलोमीटर भर वाऱ्यात कापावे लागतात.

आमच्याकडून आम्ही काही बाकी ठेवत नाही. आखणी करताना आधी काठ ठरतो; डावा-उजवा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून धरायचा, नाहीतर नकाशा आणि माणूस यांचे जुळत नाही. मग प्रत्येक पूल आणि प्रत्येक फेरीबोट, तिच्या शेवटच्या फेरीच्या वेळेसकट, नकाशावर मांडायची. पाणी चढले की बोट बंद असते, तेव्हा बोटीवर विसंबलेल्या टप्प्याला पुलाचा पर्याय हवाच. नदी जिथे घळीत शिरते तिथे वाट काठ सोडून डोंगराच्या सोंडेवर चढते. अशा दर 100 मीटर चढाला पंधरा मिनिटे जास्तीची धरायची. चार दिवसांनी एक दिवस मोकळा. खालच्या पट्ट्यात धरणाचे पाणी कधीही सुटू शकते, म्हणून वाळूच्या बेटावर तंबू ठोकायचा नाही.

सामानातही तीच काळजी. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन ट्यूब, पंक्चरचे न उघडलेले सोल्यूशन (एकदा उघडले की ते महिन्याभरात वाळून बसते), चेनची जोडकडी, ब्रेक पॅडचा एक संच, आपल्याच सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारे यंत्र ज्यावर टांगलेले असते तो धातूचा तुकडा), कारण तो दुसऱ्या सायकलचा चालत नाही. योग्य लांबीचे तीन स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा. तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, चेनकडच्या बाजूचा, आणि तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते, म्हणून तिचे हत्यारही हवे. रोज संध्याकाळी कॅरिअरचे स्क्रू आवळायचे. खडीवर ते हमखास सैल होतात. एवढे सगळे आमच्या हातात आहे. पूल आमच्या हातात नाही.

आणि ते आडवे-तिडवे लोखंडी अडसर! मोटारसायकली रोखायला म्हणून बांधावर दर थोड्या अंतराने बसवले आहेत. मोटारसायकल शेजारच्या उतारावरून सुखाने जाते. लादलेली सायकल त्यात वळत नाही. चारही पिशव्या उतरवायच्या, सायकल उभी करून पलीकडे न्यायची, पिशव्या पुन्हा अडकवायच्या. एका अडसराला दहा मिनिटे. दोघांची सायकल, तीनचाकी किंवा ट्रेलर तर पलीकडे जातच नाही, म्हणजे लहान मुलांना घेऊन निघालेल्या घरांना आणि अपंग स्वारांना हा मार्ग तुम्ही बंदच केला आहे. मोटारसायकल अडसरांनीही अडत नाहीच; दीड मीटर अंतराने परावर्तक रंगाचे खांब लावले असते तरी मोटार आत आली नसती.

पूर ओसरल्यावरचा गाळ किती दिवस पडून राहतो, तेही एकदा येऊन बघा. ओला असताना त्यावर पुढचे चाक साबणावरून सरकावे तसे सरकते, वाळला की चाकोऱ्यांचा दगड होतो. तो खरवडायचे काम कुणाचे? बांध पाटबंधारे खात्याचा, पूल बांधकाम खात्याचा, बोट स्थानिक संस्थेची, स्टेशन रेल्वेचे आणि उद्घाटनाची फीत आपल्या खात्याची. तक्रार केली की प्रत्येक जण शेजारच्या खात्याकडे बोट दाखवतो. मोटारींची मोजणी होते म्हणून त्यांच्यासाठी पूल बंद करताना वळणरस्त्याचा आराखडा आधी तयार असतो. सायकली कुणी मोजतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी काही ठरवत नाही. यूरोव्हेलो 6 हा युरोपातला सायकलमार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत लुआर, ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांच्या काठाने दहा देशांतून जातो. त्या दहा देशांना एका मार्गाला एकच क्रमांक देता आला; इथे एकाच देशातल्या पाच यंत्रणांना एक पाटी लावता येत नाही, याचा आम्हाला संताप येतो.

रेल्वेबद्दलही लिहायलाच हवे. नदीकाठचा प्रवास एकाच दिशेचा असतो, परतायला गाडी लागते. गाडीत सायकलची जागा नसली की स्टेशनवर पुढचे चाक, हँडल, पेडल सगळे उतरवावे लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घाईत चुकीच्या दिशेने पिळले की ते जाम होते आणि गाडी निघून जाते. प्रत्येक गाडीत चार सायकलींची, आरक्षण करता येईल अशी जागा, एवढेच मागणे आहे.

दिशाफलक, अडसर, गाळ, रेल्वे यांना वेळ लागेल हे आम्ही समजतो. बंद पुलाचे काम मात्र उद्या होऊ शकते. कठड्यावरची सूचना आहे तिथे राहू द्या, आणि तीच सूचना आणखी चार ठिकाणी लावा: वरच्या बाजूच्या शेजारच्या पुलाच्या दोन्ही टोकांना आणि खालच्या बाजूच्या पुलाच्या दोन्ही टोकांना. तिच्यावर पूल कधी उघडणार ती तारीख आणि पलीकडच्या काठाने किती किलोमीटर पडतात तो आकडा लिहा. चार पाट्या, दोन माणसे, अर्धा दिवस.

आपले,
नदीकाठाने सायकल चालवणारे नागरिक