विषय : "हा सामना तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही" आणि माझे ९९९ रुपये

देवगड, जि. सिंधुदुर्ग
२ जून २०२१

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या कॉल सेंटरला पाचवा फोन केला. ४१ मिनिटं चालला. त्यातली २६ मिनिटं नुसती सनई ऐकली. हे पत्र त्यानंतरचं आहे, त्यामुळे 'सविनय' वगैरे शोधत बसू नये.

१४ मे रोजी मी तुमच्या अॅपचं वर्षाचं क्रीडा पॅक घेतलं. आयपीएल ४ मेलाच स्थगित झाली होती, म्हणजे हे पैसे क्रिकेटसाठी भरलेले नाहीत एवढं तरी कळावं. भरले ते बास्केटबॉल आफ्रिका लीगच्या पहिल्या हंगामासाठी. 'सर्व २६ सामने थेट' ही पट्टी तुमच्याच होम स्क्रीनवर होती आणि वर अमेरिकी रॅपर जे. कोलचा भलामोठा फोटो. १२ देशांचे १२ संघ, सगळे सामने रवांडाच्या राजधानीत, एकट्या किगालीत, १६ ते ३० मे. ही लीग खरं तर मार्च २०२० मध्येच सुरू व्हायची होती. कोरोनामुळे लांबली. तेव्हापासून वाट बघणाऱ्यांत देवगडचा एक म्हातारा होता, हे तुमच्या कुठल्याच आलेखात दिसणार नाही.

देवगडच्या माणसाला आफ्रिकेतलं बास्केटबॉल कशाला, असं तुमच्या एका मुलीने दुसऱ्या फोनला विचारलं होतं. मी २६ वर्षं बोटीवर होतो. अंगोलातल्या लुआंडाच्या बंदरात माल उतरेपर्यंत दिवसच्या दिवस काढले आहेत. गोदामाच्या भिंतीला लोखंडी कडी ठोकून पोरं खेळायची. अंगोला १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून ४८-११६ असा हरला ते जगाला आठवतं, पण त्याच अंगोलाने त्याच बार्सिलोनात यजमान स्पेनला ८३-६३ ने लोळवलं होतं. ते मी बोटीवरच्या रेडिओवर ऐकलंय. म्हणून मला तिथल्या पेट्रो दी लुआंडा संघाचे सामने बघायचे होते. असो.

१६ मेला सलामीचा सामना आणि त्याच दिवशी आमच्याकडे तौक्ते वादळ. त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही. आंब्याची झाडं मुळासकट आडवी झाली, बंदरात होड्या फुटल्या, माणसं गेली. अशा वेळी बास्केटबॉल आठवायला मी काही वेडा नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला विचारलं तर तो वरूनच म्हणाला, "काका, सात-आठ दिवस तरी लाईट येवची नाय." आठव्या दिवशी आली. याला उत्तर म्हणतात. तुमच्याकडून पाच फोनांत असं एक वाक्य मिळालं नाही.

२४ मेपासून अॅप उघडतोय. जुने क्रिकेट सामने चालतात, कबड्डी चालते, लहान मुलांची कार्टूनंसुद्धा चालतात. किगालीच्या सामन्यावर बोट ठेवलं की ते गोल चक्र फिरतं आणि मग येतं : "हा सामना तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही." दीपगृहाजवळ चांगली रेंज असते म्हणून तिथे जाऊनही बघितलं. तेच.

आता कालचा संवाद. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, 'गुणवत्तेसाठी' करता म्हणे. तरी लिहून ठेवतो.

तुमचा मुलगा म्हणाला, "सर, तुमचा प्रदेश वादळग्रस्त यादीत आहे, म्हणून सामना उपलब्ध नसेल."
मी म्हटलं, बाबा, प्रदेश म्हणजे प्रसारणाच्या हक्काचा प्रदेश. वादळाचा नव्हे. आणि कबड्डीला कसं वादळ लागत नाही?
"कबड्डी दिसतेय ना सर? म्हणजे सेवा सुरू आहे."
मग त्याने फॉर्म भरायला घेतला. सामन्याचं ठिकाण? किगाली. तालुका? मी म्हटलं, रवांडा. तो टाइप करत होता, बटणं ऐकू येत होती. "सर, पिनकोड?"
माझा आवाज तेव्हा चढला, कबूल आहे. पण तेवढ्यात त्याला काहीतरी सापडलं. मोठ्या आनंदाने म्हणाला, "सर, मिळालं! जे. कोल ना? ते गायक आहेत. तुम्ही चुकीच्या ठिकाणी बघताय, म्युझिक विभागात जा."
मी सांगितलं, तो रॅपर आहे हे मला ठाऊक आहे, पण या लीगमध्ये रवांडाच्या पेट्रियट्स संघाकडून तो खेळलाय आणि तुम्हीच त्याचा फोटो लावून मला पॅक विकलंत. यावर तो शांतपणे, अगदी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "सर, या वयात असा गोंधळ होतो."

या वयात! त्याचा तरी काय दोष म्हणा, त्याच्या समोरच्या पडद्यावर तुम्ही जे लिहून ठेवलंत ते तो वाचतोय. पण फोटो होम स्क्रीनवर तुमच्यापैकीच कुणीतरी लावला ना? त्या माणसाने खाली उतरून या मुलाला दोन वाक्यं सांगायला काय हरकत होती?

उपांत्य सामन्यात पेट्रो इजिप्तच्या झमालेककडून हरला, हे मला पुतण्याच्या व्हॉट्सअॅपवरून कळलं. तो सध्या सिंगापूरला बोटीवर आहे. "काका, तुमचो संघ हरलो." ३० मेला झमालेकने ट्युनिशियाच्या मोनास्तिरला ७६-६३ ने हरवून पहिला करंडक नेला. कैरोचा हा संघ सहाच्या सहा सामने जिंकला, वॉल्टर हॉज सर्वोत्तम खेळाडू ठरला. यातला एक चेंडू मी पाहिलेला नाही. पहिला हंगाम एकदाच असतो हो.

परताव्याचं तुमचं उत्तर तर ठेवणीतलं. 'ग्राहकाने या स्पर्धेची सेवा १४ मिनिटे वापरली असल्याने परतावा देय नाही.' ती १४ मिनिटं म्हणजे ते गोल चक्र. मी चक्र बघत बसलो, ते तुम्ही सेवेत धरलंत. आमच्याकडे पेटीत आंबा डागी निघाला तर बागायतदार दुसरी पेटी पाठवतो, 'तुम्ही वास घेतलात' म्हणून पैसे कापत नाही. चक्र, साहेब. १४ मिनिटं.

तेव्हा एक तर ९९९ रुपये परत करा, नाहीतर सव्वीसही सामन्यांची रेकॉर्डिंग मला दिसतील अशी सोय करा. १५ दिवसांत झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि एवढ्याशा दाव्याला शुल्कही नाही. मला मुंबईला यावं लागणार नाही, तुमच्या वकिलाला कोरोनाचा ई-पास काढून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला यावं लागेल. मी निवृत्त आहे, मला वेळच वेळ आहे.

आणखी एक. पुढच्या मे महिन्यात पैसे आपोआप कापून घ्यायची खूण तुम्हीच लावून ठेवली आहे. ती काढा. मी काढायला गेलो तर पासवर्ड मागतं, पासवर्ड बदलायला गेलो तर 'कॉल सेंटरशी संपर्क साधा' म्हणतं.

अजून ११ महिने तुमचा ग्राहक