हिशेब राहिलाय, ताई

ताई, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुमचंही नाही आणि माझंही. जत तालुक्यातून एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला सोलापूरला येणारी शिलाईवाली म्हटलं की ओळखाल.

जवळचं केंद्र सोडून एवढ्या लांब यायचं कारण एकच, तिथं गावातलं कुणी भेटायला नको. २५ मार्च २०२० ला सगळं बंद झालं आणि ते लांबचं अंतर गळ्याशी आलं. एसटी बंद, डबीत अकरा गोळ्या. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, जिल्ह्याच्या हद्दीवर नाका. "कसलं औषध? कागद दाखवा." कागद म्हणजे एआरटीचं, एचआयव्हीच्या उपचाराचं हिरवं पुस्तक. शेजारीच आमच्या गल्लीतली दोन पोरं स्वयंसेवक म्हणून उभी. पुस्तक काढलंच नाही, मागं फिरले.

तुम्हाला फोन केला तेव्हा रडून बोलताही येईना. पाचव्या दिवशी तुम्ही स्कूटीवर, गावाबाहेर चिंचेखाली. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायची परवानगी आली होती. तीन डब्या, त्याही ब्लाउजपीसच्या पिशवीत. खुळखुळ वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलेला! हे कुणाला सुचतं?

निघता निघता विचारलंत, "शुगरची गोळी चालू आहे ना?"

नव्हती. तीन आठवडे नव्हती. एआरटी फुकट मिळते, शुगरचं मी मेडिकलमधून विकत आणायची, आणि मशीन थांबल्यावर पैसे कुठले? घरात ज्वारी होती पण गिरणी बंद, म्हणून दोन्ही वेळ रेशनचा भात. तुम्ही तिथंच बोटाला टोचलंत. ३१२. मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही म्हणालात, "भात कमी करा कुठल्या तोंडानं सांगू? दुसरं आहे काय घरात?" पुढच्या रविवारी मेटफॉर्मिनच्या पट्ट्या आणि पाच किलो दळलेलं पीठ घेऊन आलात.

नंतरच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडला नाही. डावा पाय मात्र अजून बधिर असतो, मशीनचं पायडल उजव्यानं मारते. तेवढं राहिलं.

पेट्रोलचे आणि गोळ्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वहीत मांडून ठेवलेत. यंदा रानात मालदांडी आहे. हुरड्याला या. कुणी विचारलं तर सांगेन, ब्लाउज शिवायला आल्यात.

तुमची,
शिलाईवाली