क्वार्टर सोडण्याआधी

परतूर, जि. जालना

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलताच आलं नाही. अंगणात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं, तू काय म्हणतेस ते अर्धं ऐकू येत होतं. एवढं कळलं की भाऊजी मार्चअखेर पेन्शनीत निघतात आणि तुम्ही कायमचे अहमदपूरला येता. "दवाखान्याचं कसं गं होतं तिकडं?" हे मात्र तू परत परत विचारलंस, म्हणून लिहायला बसले.

जोधपूरला आपल्याला कशी सवय लागली होती आठव. लेकराला ताप आला की एमआय रूम, म्हणजे युनिटातला छोटा दवाखाना, जास्त वाटलं की एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, आणि गोळ्या घेऊन स्वयंपाकाच्या वेळेला घरी. पैसे हा विषयच नव्हता. इकडंही छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत एमएच आहे, पण तिथं आधी नोकरीतले जवान आणि त्यांची बायका-मुलं, आणि ते बरोबरच आहे. आपल्यासाठी ईसीएचएस, म्हणजे निवृत्त फौजी आणि त्यांच्या घरच्यांची आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली ही योजना त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना सक्तीचीच आहे, त्यामुळे घ्यावी की नको हा घोळ तुला नाही. भाऊजी सुभेदार, त्यांचे ६७,००० रुपये कापले जातील. आमच्या ह्यांचे हवालदार म्हणून ३०,००० गेले. तुम्हाला सेमी-प्रायव्हेट खोली, आम्हाला जनरल वॉर्ड. म्हणजे पेन्शनीत आल्यावरही तू मला रँक दाखवणार म्हण!

रक्कम ऐकून दचकू नकोस. ती आयुष्यात एकदाच. दरवर्षीचा हप्ता नाही, जुन्या आजाराची आडकाठी नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही. आमच्याकडं विम्याचा एक माणूस आला होता, तो मामंजींचं वय ऐकूनच चहा न पिता उठला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते ते. तुझं नाव. लग्नात सासरच्यांनी तुझं मंगल केलं, शाळेच्या दाखल्यावर तू वेगळी, आधारवर आणखी "बाई" चिकटलेलं. भाऊजींच्या रेकॉर्डात यातलं कोणतं आहे, कधी बघितलंस का? आपल्याकडं हे घरोघरी आहे. कार्डाचा ऑनलाइन अर्ज भरताना पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधार यांतलं नाव, जन्मतारीख जुळली नाही की गाडी अडते. आज तुम्ही युनिटात आहात, क्लर्क समोर बसलाय, रेकॉर्डात बदल नोंदवणारी पार्ट टू ऑर्डर तिथल्या तिथं निघते. गावी आल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, मग बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत, त्यांचे मालक गेल्यावर नावातली चूक निघाली. जो अर्जावर सही करायचा तोच माणूस राहिला नाही. सासऱ्याला धरून किती कचेऱ्या पालथ्या घातल्या बिचारीनं. तेव्हा भाऊजी "बघू नंतर" म्हणाले तर ऐकू नकोस. मुलांच्या जन्मतारखाही त्यातच तपासून घे.

पोरगा २५ वर्षांचा झाला, कमवायला लागला किंवा त्याचं लग्न झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा कार्डातून निघतो. पोरगी कमवेपर्यंत किंवा लग्नापर्यंत राहते. सासू-सासरे येतात, पण त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी लागतं. आपल्या आईबापांना मात्र यात जागा नाही. नियम कुणी केला असेल ते तुला न सांगता कळेल.

रीत अशी की आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना. तिथले डॉक्टर तपासून रेफरल देतात, मग पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या हॉस्पिटलात बिनपैशाचा इलाज. अँजिओप्लास्टी असो की मोतीबिंदू, मोठ्या दुखण्यात ही योजना खरंच उभी राहते, यात मला शंका नाही. रडायचं ते रोजच्या गोळ्यांसाठी. आत्याबाईंची बीपीची गोळी आणायची तर इथून संभाजीनगरला सकाळची रेल्वे, रांग, आणि एखादं औषध नसलं की "एनए", म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहून मिळतं. ते बाहेरून विकत घ्या, बिल जोडा. आत्याबाई म्हणतात, "गोळी नसंना का, पर ती वाट नगं." बाजाराच्या दिवशी शेतातलं काम सोडून कोण जाणार? तुला लातूरचं पॉलिक्लिनिक त्या मानानं जवळ आहे, कार्ड तिथलंच जोडून घे.

रात्रीबेरात्री मात्र रेफरलची वाट बघत बसायची नाही. मामंजींच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं. तो पॅनलवर नव्हता. काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं, कार्डाकडं कुणी बघितलंही नाही. ह्यांनी ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं, इमर्जन्सीचं प्रमाणपत्र घेतलं, प्रत्येक पावती सांभाळली. पैसे मिळाले, पण सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या ठरलेल्या दरानं. वरचे आमचेच गेले. पॅनलवरच्या दवाखान्यात इमर्जन्सीत थेट गेलं तरी चालतं, कळवायचं काम त्यांचं असतं. म्हणून लातूर-अहमदपूरकडं पॅनलवर कोण कोण आहे ती यादी आल्या आल्या घे, आणि अधूनमधून परत विचारत राहा, करार संपले की नावं गळतात.

तिथल्या एमएचची जुनी कागदं फेकू नकोस, पोरीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनची सुद्धा. संक्रांतीला येणार असलीस तर रेकॉर्डाची आणि आधारची झेरॉक्स घेऊनच ये, हे बघून देतील. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
शोभा