विषय : माझ्या आजोबांना ओटीपीसह शाखेत हजर करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापन आणि ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि कागद पुढे ओढला. आधीच्या तक्रारी तुमच्या सिस्टिममध्ये आहेत, त्या काढून वाचा. बोरमाळ म्हणजे काय, तिच्या पोकळ सोन्याच्या मण्यांत लाखेचा भराव का घालतात, सोन्याची शुद्धता मोजणारं कॅरेट मशीन काय वाचतं, हे तुम्हाला शिकवायला मी बसलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सराफी पेढी असं पाटीवर लिहिता, तेव्हा एवढं येत असेल असं धरून चालते.

मला एकच गोष्ट हवी होती. आजीची बोरमाळ आईकडे आली, आई गेल्यावर आम्हा तिघा भावंडांकडे. माळ मोडायची नाही हे ठरलेलं. ती धाकटीकडे राहील आणि बाकीच्या दोघांना ती वाट्याचे पैसे देईल. त्यासाठी माळेत सोनं किती आणि आजच्या भावाने त्याचे होतात किती, एवढं कोणा तिऱ्हाइताने कागदावर लिहून द्यायला हवं होतं. तुमच्या शाखेत ‘जुन्या दागिन्यांचे शास्त्रशुद्ध मूल्यांकन’ असा फलक आहे. ५०० रुपये आणि वर जीएसटी भरून मी पावती घेतली. म्हणजे मी ग्राहक आहे. तुमच्या माणसाने आतल्या खोलीकडे तोंड करून ‘एक काकू आल्यात चौकशीला’ असं सांगितलं, तशी चौकशीला आलेली काकू नव्हे.

मिळालं काय, तर एका चिटोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेला ‘एक्स्चेंज’चा आकडा. सही नाही, शिक्का नाही. तुम्ही ही माळ मोडीत किती रुपयांना घ्याल ते मी विचारलंच नव्हतं. त्यावर पुन्हा ‘नवीन दागिना घेतलात तर तीन टक्के घट माफ’, म्हणजे वितळवताना कमी होतं म्हणून कापायची ती तूट. म्हणजे आजीच्या माळेत सोनं किती, हे मी तुमच्याकडून काय विकत घेते त्यावर ठरणार!

आता हिशेब. एकूण वजन ३८.४२० ग्रॅम, हे बरोबर. त्यातून लाखेचे म्हणून सरसकट ३० टक्के वजा. का ३०? ‘स्टँडर्ड आहे.’ तुमच्याच दुसऱ्या शाखेत हीच माळ, हेच वजन, आणि लाख २२ टक्के. दोन शाखांच्या मध्ये नदीवरचा एक पूल आहे, तेवढ्यात लाख आठ टक्क्यांनी घटली. बरं, ३० तर ३०. निव्वळ राहिलं २६.८९४ ग्रॅम. यापुढचा प्रकार मात्र मी विसरणार नाही.

मशीनच्या खिडकीवर काउंटरवरच्या मुलाने आधी मणी ठेवला. स्क्रीन अर्धवट माझ्याकडे वळलेला होता. ९१.२ टक्के सोनं आलं, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरा मणी, तेच. मग त्याने माळ फिरवून नेमका फासा, म्हणजे माळ अडकवायची कडी, खिडकीवर धरला. आलं ५९.१. आणि कागदावर अख्ख्या माळेला ५९.१ लावलं! मी विचारलं तर म्हणाला, ‘सर्वांत कमी रीडिंग धरायची, कंपनी पॉलिसी आहे.’ फासा सगळा मिळून दोन ग्रॅमचासुद्धा नाही. तो नंतर घातलेला आहे आणि कमी कसाचा का आहे तेही सांगते, कारण तुमच्या मॅनेजरला ते ठाऊक नव्हतं. मूळ फासा तुटला तो १९६३ साली, मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणात. तेव्हा १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी होती. १४ कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के. सराफाने कायदा पाळला, त्याची शिक्षा साठ वर्षांनी मण्यांना!

गुणाकार तुम्हीही करून बघा. २६.८९४ ला ९१.२ टक्क्यांनी चोख सोनं २४.५ ग्रॅम. ५९.१ टक्क्यांनी १५.९ ग्रॅम. साडेआठ ग्रॅमहून जास्त सोनं तुमच्या पॉलिसीने जागच्या जागी गिळलं, आणि तेही माळ माझ्या हातात असताना.

मी तीस वर्षं सहकारी बँकेत होते, त्यातली बरीचशी सोनेतारणाच्या टेबलावर. पॅनेलवरचे सराफ कसोटीवर कस लावायचे तेव्हा मणी वेगळा, फासा वेगळा, आणि शंका असेल तर तसं लिहायचे. मशीन फक्त वरवरचं वाचतं हे त्यांना मशीन नसतानाही कळत होतं.

यावर मी आजोबांच्या कागदांतली मूळ चिठ्ठी आणली. १९५४ सालची, आमच्या गावच्या सराफाच्या हातची : एकूण ३ तोळे ३ मासे, पैकी सोने २ तोळे ६ मासे. सोनं किती आणि लाख किती, हे घडवणाऱ्यानेच लिहून ठेवलेलं. तुमचे मॅनेजर चिठ्ठी बघून खूश झाले. ‘अडीच तोळे म्हणजे पंचवीस ग्रॅम, मॅडम. आम्ही तर जवळजवळ सत्तावीस धरतोय, उलट तुमचा फायदाच आहे.’ सोन्याच्या दुकानाचा मॅनेजर! तोळा १० ग्रॅमचा हा आताचा बाजारी हिशेब. १९५४ चा तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे मासे बारा. अडीच तोळे म्हणजे २९ ग्रॅमच्या वर. हे मी काउंटरवर कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी मोबाइल काढला, पाहिला, आणि म्हणाले, ‘पण या बिलावर जीएसटी नंबर नाहीये.’

१९५४ च्या चिठ्ठीवर. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला.

मग सुरू झालं एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कच्या दागिन्यावरचा ओळख कोड. ‘सहा अंकी कोड नाही, त्यामुळे आम्ही काहीच सर्टिफाय करू शकत नाही.’ हॉलमार्क सक्तीचा झाला जून २०२१ पासून, तोही सराफाने विकायच्या मालाला. घरातलं जुनं सोनं लोकांनी ठेवावं, विकावं, त्याला आडकाठी नाही. कोड असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? ॲपवर टाकून शुद्धता घरबसल्या पाहिली असती.

आता आजचा फोन. हा मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतात म्हणे.

मी मागणी केली : मण्यांचं आणि फाशाचं रीडिंग वेगवेगळं लिहून, सही-शिक्क्याचा कागद द्या. फोनवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅम, व्हॅल्युएशन रिपोर्ट ओरिजिनल कस्टमरच्या नावानेच निघेल.’ म्हटलं, पावती माझ्या नावाची आहे. ‘नाही मॅम, तुम्ही जे बिल अपलोड केलंत त्यावर दुसरं नाव आहे. त्यांना आधार कार्ड घेऊन ब्रँचला पाठवा.’ म्हटलं, ते माझे आजोबा. १९७९ साली वारले. थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज. मग, ‘ओके मॅम. त्यांचा रजिस्टर्ड मोबाइल नंबर चालू आहे का? ओटीपी जाईल, तेवढा सांगितलात तरी होईल.’ मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा सांगितलं, ते हयात नाहीत. ‘हो मॅम, तेच. नंबर कोण वापरतं सध्या?’ मी सांगितलं की आजोबांच्या हयातीत अख्ख्या गल्लीत फोन नव्हता. तर म्हणाला, ‘मग लँडलाइनला ओटीपी जात नाही, मॅम.’ मग, ‘सॉरी फॉर युवर लॉस.’ आणि त्याच दमात, ‘नवीन कलेक्शनवर घडणावळीत सूट आहे, ब्रँचला जाल तेव्हा नक्की बघा.’

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे वाचायला दिलंय ते तो वाचतो. ते लिहिणाऱ्याला मला भेटायचंय. विकताना ओळखपत्र मागा, जरूर मागा, चोरीचा माल फिरतो हे मलाही कळतं. पण मी विकतच नव्हते हो! आणि मालकी सिद्ध करा म्हणताना आवाज असा, की माळ मी बसमध्ये कुणाच्या गळ्यातून ओढून आणली आहे.

आणि मणी. फाशाजवळचा तिसरा मणी. ‘आतलं चेक करायला’ म्हणून तुमच्या माणसाने मला न विचारता त्यावर कानस मारली. आडवा ओरखडा आहे, उजेडात धरला की मधोमध पत्रा फाटून आतली काळपट लाख दिसते. नखाने चाचपलं तर कड लागते. घासायचाच होता तर त्या मण्याचं रीडिंग तरी लिहायचं. तेही नाही, लिहिलं काय, तर फाशाचं! सत्तर वर्षं तीन बायकांनी ती माळ वापरली, एका मण्याला पोचा आला नव्हता.

शेवटी सरकारमान्य हॉलमार्किंग केंद्रात गेले. तिथे चार नगांपर्यंत तपासणीचे २०० रुपये आणि वर जीएसटी. त्यांनी मणी वेगळे, फासा वेगळा असं छापून दिलं. मण्यांचा आकडा तुमच्या स्क्रीनवर मी पाहिला होता त्याच्या आसपासच. म्हणजे तुमचं मशीन चांगलं आहे. अभिनंदन.

आता मला हवं ते : मूल्यांकनाचे ५०० रुपये जीएसटीसह परत. मण्यांच्या रीडिंगसह दुरुस्त केलेला अहवाल, लाखेची वजावट कशाच्या आधारे धरली ते त्यात लिहून. आणि त्या मण्याच्या दुरुस्तीचा खर्च. दुरुस्ती मी माझ्या कारागिराकडून करून घेईन. तुमच्या काउंटरवर ती माळ पुन्हा ठेवणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि मला निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे.

माझं मंगळसूत्र तुमच्याकडचं, दोन्ही सुनांच्या पाटल्या तुमच्याकडच्या. त्या पाटल्या उद्या नातवंडांनी आणल्या तर त्यांनाही कमीत कमी रीडिंग लावणार का, हे एकदा स्पष्ट कळवा. भाचीच्या लग्नासाठी तुमच्याकडे चालू असलेली भिशी पुढच्या महिन्यात पुरी होतेय. ते सोनं तुमच्याच मशीनवर, प्रत्येक सांधा खिडकीवर धरून, कमीत कमी रीडिंगने तपासून घेणार आहे. पॉलिसी तुमचीच.

फोन करू नका.

पावतीवर नाव आणि पत्ता आहे.