फोटोतलं घर आणि खरं घर

संपादक महोदय,

पूर्वी घर शोधायचं म्हणजे एजंटच्या मागे फिरायचं, तो दाखवेल ती चार घरं बघायची, त्याच्या वहीत अजून काय दडलंय ते कधी कळायचंच नाही. आता घरांच्या जाहिरातींच्या साइट्समुळे ती वही आपल्याच मोबाईलमध्ये आलीय. बजेट, खोल्या, मजला असे फिल्टर लावले की अंथरुणात पडल्या पडल्या पन्नास घरं बघून होतात. 2007 ला गूगलचं स्ट्रीट व्ह्यू आलं, तेव्हापासून जिथे ती सोय आहे तिथला रस्ताही घरबसल्या दिसतो (फोटो कधीचा आहे ते मात्र बघा, मोकळं मैदान दिसतं तिथे आता टॉवर असू शकतो).

पण फोटोंचं काय सांगू! वाईड अँगलने (एका फोटोत जास्त जागा मावणाऱ्या लेन्सने) काढलेली बेडरूम इतकी ऐसपैस दिसत होती की आम्ही मनातल्या मनात कपाट, टेबल सगळं लावून मोकळे झालो, आणि प्रत्यक्षात गेलो तर पलंग ठेवल्यावर दार अर्धंच उघडेल अशी खोली. फोटोच्या कडेची वस्तू ताणल्यासारखी दिसली की समजायचं, लेन्सची करामत आहे. ओल, कुबट वास, वरच्यांची आदळआपट तर कुठल्याच फोटोत येत नाही.

शिवाय विकलेली घरं साइटवर तशीच ठेवतात, फोन केला की "ते गेलं, दुसरं दाखवतो" आणि मग आपला नंबर कुठे कुठे फिरतो कोण जाणे, फोन थांबतच नाहीत. खोल्यांची मापं आणि फोटोची तारीख टाकल्याशिवाय साइट्सनी जाहिरात घेऊच नये, आणि घर विकलं की ती लगेच काढावी.

– घर शोधून दमलेला एक वाचक