कागदावरच्या दोन उभ्या रेघा

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी निघायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. मानले असते तरी दोन शब्दांत भागलं नसतं, म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी एका छोट्या पॅरलल लायब्ररीचा (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवायला मदत करणाऱ्या कोडचा) ट्रान्सपोर्ट लेयर लिहीत होतो, म्हणजे टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवरून प्रोसेसचे मेसेज एकमेकांना पोचवणारा भाग. दोन प्रोसेसवर सगळं सुरळीत. 32 लावल्या की अधूनमधून प्रोग्रॅम जागच्या जागी थिजायचा. ना एरर, ना क्रॅश. तीन आठवडे मी लॉकमध्येच (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कोडमधल्या कुलपांत) चूक शोधत होतो. वेगवेगळ्या मशीनच्या लॉगमधल्या वेळा जुळवत बसलो होतो, आणि त्यांची घड्याळंच मुळात जुळत नव्हती.

तुम्ही लॅपटॉप मिटायला लावलात. कागदावर दोन उभ्या रेघा ओढल्यात, रँक 3 आणि रँक 7 (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक), आणि विचारलंत, "दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पहिला मेसेज पाठवायचं ठरवलं तर?" मी बाण काढत गेलो. दोघंही कनेक्ट करतात. दोघांकडेही समोरून दुसरं कनेक्शन येतं. माझा कोड म्हणतो, माझं आधीच चालू आहे, हे नको. दोघंही समोरच्याचं तोडतात, एकही उरत नाही, आणि दोघंही वाट पाहत राहतात.

मग दोन्ही ठेवू, असं मी घाईने म्हणालो. तुम्ही न चिडता समजावलंत. एका सॉकेटमधले, म्हणजे एका कनेक्शनमधले, बाइट क्रमाने पोचतात, दोन सॉकेटमध्ये तशी हमी नसते. एकाच प्रोसेसने त्याच टॅगने (मेसेजवरच्या खुणेच्या आकड्याने) पाठवलेले मेसेज एकमेकांना ओलांडणार नाहीत, हा शब्द एमपीआय या प्रोसेसमधल्या मेसेजांच्या मानकाने 1994 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून दिला आहे. वापरणारे त्या भरवशावर आपला प्रोग्रॅम लिहितात. तो भरवसा माझ्या कोडवर उभा आहे, हे मला तोवर उमगलंच नव्हतं.

लहान रँकने सुरू केलेलं कनेक्शन ठेवायचं, दुसरं सोडायचं. एकमेकांना न विचारता दोघांचा निर्णय एकच. केवढा साधा नियम!

छोट्या मेसेजना लागणारे 40 मिलिसेकंद तर तुम्ही आकडा ऐकूनच ओळखलेत: इकडे छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणारा टीसीपीचा नेगल अल्गोरिदम, तिकडे उशिरा निघणारी पोच. नेगल बंद करणारा टीसीपी नोडिले हा पर्याय लावल्यावर ते गेले.

काल 32 प्रोसेसची चाचणी रात्रभर चालली, एकदाही अडकली नाही. मोठ्या मेसेजसाठीचा रांदेव्हू प्रोटोकॉल (समोरचा घ्यायला तयार झाल्यावरच मेसेज पाठवायची पद्धत) अजून अर्धवट आहे. झाला की कागद घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
एक विद्यार्थी